दादानं मला ‘जा’ म्हटलं

मागच्या रविवारी दादानं मला चक्क ‘जा’ म्हटलं. म्हणजे म्हटलं असं नाही, त्याला शब्द फार निघत नाहीत, पण डावा हात उचलून माशी हाकलल्यासारखी बोटं झटकली की आमच्या घरात त्याचा अर्थ ‘जा’ होतो. दादा ४६ वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हातापायांवर नीट ताबा राहत नाही), मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. इतक्या वर्षांत त्यानं मला ‘ये’ म्हणून हजारदा बोलावलं असेल, ‘जा’ पहिल्यांदाच. तेही कशासाठी, तर पोह्याच्या ठेल्यावर मी पण सोबत येते म्हटलं म्हणून! ताई व्हीलचेअरच्या मागे उभी, पदर तोंडाला लावून हसून राहिली होती. मी हेल्मेट हातात घेऊन अंगणात तशीच उभी राहिली. (पुण्याकडचं कोणी वाचत असेल तर ‘राहिले’ वाचून घ्या, आम्ही नागपूरच्या बाया अशाच बोलतो.)

तर ही ताई कोण ते आधी सांगते. लोकांना सांगितलं की दादासाठी रोज चार तास एक ताई येते, की लोक म्हणतात ‘हां, म्हणजे बाई ठेवली’. बाई आमच्याकडे वेगळी आहे, ती भांडी घासते. ताई भांडी घासत नाही, स्वयंपाक करत नाही, आणि खरं सांगू का, दादाचंही बरंचसं काम ती करत नाही. त्याचाच तिला पगार आहे.

आधी सगळं बाबांवर होतं. आंघोळ, संडास, दाढी, उचलून पलंगावर ठेवणं, सगळं. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, उंच उंबरठे, आणि बाबा पंच्याहत्तरीतही दादाला काखेत हात घालून उचलायचे. (काखेत धरून ओढायचं नसतं, खांदा निखळू शकतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.) २०१९ मध्ये बाबा गेले. तेराव्याला घरात पन्नास माणसं आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच, याचं आता कसं. आईसमोर कोणी विचारलं नाही, मला मात्र स्वयंपाकघरात गाठून गाठून विचारलं. मी त्रिमूर्ती नगरला राहते, माझी नोकरी, दोन पोट्टे, आणि आईचे गुडघे तेव्हाच गेलेले.

आई तेव्हा रोज संध्याकाळी दिवा लावताना एक वाक्य म्हणायची, देवा, याला माझ्या एक दिवस आधी ने. मी चिडायची. मग थेरपीच्या बाकावर बसलेल्या इतर आयांकडून तेच वाक्य ऐकलं, कोणी हळू आवाजात, कोणी अगदी चहा पिता पिता, आणि मग चिडायचं बंद केलं. ते वाक्य दुष्टपणाचं नाही, हिशोबाचं आहे. मी असेपर्यंत मी आहे, नंतर कोण, याचं उत्तर कोणी दिलं नाही तर आई दुसरं काय मागणार देवाला.

पहिलं उत्तर आम्ही शोधलं ते सगळे शोधतात तेच, नर्सिंग ब्युरोचा माणूस. बारा तासांची ड्युटी. कोणत्या ब्युरोचा ते सांगत नाही, माणूस वाईट नव्हताच मुळी. स्वच्छ, वेळेवर येणारा, आवाज न करणारा. पण तो आला होता ‘पेशंट’ सांभाळायला. दादा पेशंट नाही ना! त्याला ताप नाही, सलाईन नाही, तो फक्त घरी राहणारा एक माणूस आहे ज्याला जरा जास्त वेळ लागतो. या माणसाला वेळ नव्हता, म्हणजे वेळ भरपूर होता पण तो मोबाईलसाठी होता. वरण-भात कालवून सात मिनिटांत भरवून मोकळा. शर्ट मागून पुढून घालून मोकळा. दादाला ‘बाळा’ म्हणायचा, ‘बाळा आ कर’. दाढीचे अर्धे केस पिकलेल्या माणसाला! आठ महिन्यांनी एकदा मी दिवाळीत चमचा दादाच्या हातात दिला तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच काही विसरली. जो माणूस बाबांच्या वेळी सांडून-लवंडून का होईना अर्धी वाटी स्वतः खायचा, तो चमचा धरायचा विसरला होता. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडली.

दुसरं उत्तर निवासी संस्थेचं. एका नातेवाईकांनी सुचवलं म्हणून पाहायला गेलो, गावाचं नाव नको. वाईट जागा नव्हती, हेही सांगायला पाहिजे, झाडं होती, फिनेलचा वास होता, सर नम्र होते. पण एका रांगेत पलंग, कपड्यांवर नंबर, सातला जेवण म्हणजे सगळ्यांनी सातला जेवायचं. दादा कारमधून उतरलाच नाही. डाव्या हातानं दाराचं हँडल असं पकडून ठेवलं की सोडवता सोडवेना. आम्ही त्याला विचारलंच नव्हतं. तो काय म्हणेल ते आम्हाला माहीत होतं म्हणून विचारलं नव्हतं, असं आता वाटतं.

परत आल्यावर माझ्या एका वकील मैत्रिणीनं सांगितलं की विचारणं कायद्यातच आहे. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६, त्याचं कलम ५. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती दिव्यांग माणसावर होऊ नये, आणि त्याला त्याच्या वस्तीत राहता यावं म्हणून घरी येऊन मदत करणाऱ्या सेवा, वैयक्तिक सहाय्य, हे सगळं मिळावं यासाठी सरकारनं प्रयत्न करायचे असं तिथे लिहिलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या करारातही कलम १९ याच गोष्टीचं, आणि भारतानं त्यावर २००७ मध्येच मान्यतेची मोहोर मारलेली. मी तिला म्हटलं, कागदावर आहे, महालात कुठे आहे ते सांग. ती म्हणे, ते तुला शोधावं लागेल.

शोधलं तर ही ताई घरामागच्या वस्तीतच निघाली. चाळिशीची बाई, नवरा ई-रिक्षा चालवतो, आधी दवाखान्यात आयाचं काम केलेलं आणि मग एका संस्थेनं वस्तीतल्या बायांना दिव्यांग माणसांसोबत काम करायचं ट्रेनिंग दिलं ते केलेलं. पहिले तीन दिवस ती आली आणि नुसती बसली. दादा काय करतो, कोणत्या हातानं करतो, कुठे अडकतो, कंटाळला की काय करतो, पाहत बसली आणि वहीत लिहीत बसली. आई तिसऱ्या दिवशी मला फोनवर, ‘अगं ही बसायचेच पैसे घेते का?’ मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी तिनं दादाचा शर्ट हातात घेतला. दादाचा उजवा हात जास्त कडक, कोपरात वाकलेला. आम्ही आयुष्यभर डावा हात आधी घालायचो कारण तो सोपा जातो, आणि मग उजवा हात बाहीत कोंबायचो, दादा ओरडायचा, आम्ही म्हणायचो थांब जरा. ताई म्हणे, उलटं करा. घालताना अधू हात आधी, काढताना चांगला हात आधी. बस. एवढंच. चाळीस वर्षं रोज सकाळी जे ओरडणं चालायचं ते एका दिवसात बंद झालं, आणि मला आनंद व्हायच्या आधी बाबांची आठवण आली, की बिचाऱ्या बाबांना हे कोणी सांगितलंच नाही.

मग बटणं. इथे ती जे करायची ते मला आधी येडेपणा वाटला. पाच बटणांपैकी चार ती लावायची आणि पाचवंही काजात अर्धं घालून ठेवायची, दादानं फक्त ओढायचं. ओढलं की झालं, शर्ट त्यानं घातला! शेवटची पायरी आधी शिकवायची, म्हणजे प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पूर्ण होतं. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर माणूस सुरुवातीलाच अडकतो आणि पूर्ण केल्याचं सुख कधी मिळतच नाही. दोन महिन्यांनी पाचवं बटण पूर्ण त्याचं, मग चौथं. आज तीन बटणं तो लावतो. मोठी बटणं लावून घेतली आहेत, ते सांगायचं राहिलं. पंचवीस मिनिटं लागतात. आईला बघवत नाही, तिचा हात पुढे जातो, आणि ताई म्हणते, ‘काकू, ते काम तुमचं नाही न माझंही नाही. दादाचं आहे. आपण करून दिलं तर मंग दादा काय करतीन?’

ग्लासचंही असंच. प्लास्टिकचा ग्लास घेतला, नाक येतं त्या बाजूची कड कैचीनं अर्धगोल कापली, मेणबत्तीवर ती कड जरा शेकून गुळगुळीत केली. आता ग्लास रिकामा होईपर्यंत दादाला मान मागे टाकावी लागत नाही, नाक त्या खाचेत बसतं. मान मागे गेली की पाणी श्वासनळीत जायची भीती. हे मी शिकली ते स्वतःच्या चुकीनं. चुलत बहिणीच्या लग्नात मी त्याला हौसेनं गुलाबजाम भरवला, उभ्यानं, वरून. म्हणजे त्याला मान वर करून घ्यावा लागला. असा ठसका लागला की ओठ निळे व्हायला आले, कोणीतरी डॉक्टर पाहुणे होते म्हणून निभावलं. भरवणाऱ्यानं त्याच्या समोर, त्याच्याच उंचीवर बसायचं, हनुवटी थोडी खाली, छोटा घास, आणि जेवण झालं की अर्धा तास तरी लगेच आडवं करायचं नाही. घरात ज्यांच्या असं माणूस आहे त्यांनी एवढं तरी भिंतीवर लिहून ठेवा.

आणि फिट. त्याला वर्षातून एखाद-दोनदा येते. पूर्वी फिट आली की आमच्या गल्लीत मोठा कार्यक्रम व्हायचा, एक काका कांदा फोडून आणायचे, एक मावशी चप्पल नाकाशी धरायची, कोणी चमचा दातात घालायला पळायचं. ताईनं एका फिटमध्ये सगळ्यांची वरात परत पाठवली. दादाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेलची घडी, आजूबाजूचा स्टूल बाजूला, तोंडात काही नाही, आणि घड्याळाकडे बघत बसली. काकांना म्हणे, पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी काढा, तोवर कांदा भाजीत घाला. अडीच मिनिटांत थांबली. काका तेव्हापासून तिच्याशी जरा अदबीनं बोलतात.

रॅम्पची गोष्ट मात्र आमची फजिती आहे. आमच्याकडचा सिमेंटचा रस्ता झाला आणि अंगण रस्त्याच्या नऊ इंच खाली गेलं, नागपुरात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही, पावसाळ्यात सगळ्यांनी भोगलं आहे. मिस्त्रीनं एका दिवसात रॅम्प करून दिला, तीन फुटांचा. फटफटी चढते तसा! त्यावरून व्हीलचेअर चढवायची तर मागून पैलवान पाहिजे आणि उतरवायची तर देवाचं नाव. नियम असा की एक इंच चढायला बारा इंच लांबी, म्हणजे नऊ इंचाला नऊ फूट. आमचं अंगण सात फुटांचं. मिस्त्री म्हणे होत नाही, ताई म्हणे वळवा न भाऊ. शेवटी तुळशी वृंदावनाला वळसा घालून एल आकाराचा रॅम्प झाला, मध्ये वळायला सपाट जागा ठेवून. आईनं तुळस दोन फूट सरकवायला परवानगी दिली, ही आमच्या घरातली ऐतिहासिक घटना समजा.

रॅम्प झाला आणि दादा बाहेर पडायला लागला. ताईचं खरं काम तिथून सुरू झालं असं मला वाटतं. घरात मदत करणं ब्युरोवालाही शिकला असता कदाचित. पण ही बाई त्याला रोज एकाच रस्त्यानं, एकाच वेळी नेऊ लागली आणि रस्त्यावरच्या माणसांना हळूहळू शिकवू लागली, त्यांना कळू न देता. मेडिकलवाला आधी ताईला विचारायचा, ‘यांना काय पाहिजे?’ ताई म्हणायची, मला काय माहीत, त्यांना विचारा. दादा वर पाहतो म्हणजे हो, डोळे मिटतो म्हणजे नाही. दोन वस्तू समोर धरल्या की हवी त्याकडे पाहतो. एवढंच व्याकरण आहे त्याच्या भाषेचं. मेडिकलवाल्याला ते यायला पंधरा दिवस लागले. आता तो दादाला क्रिकेटचा स्कोअर विचारतो, म्हणजे ‘हरणार का आज?’ असं, आणि दादा डोळे गच्च मिटतो.

आणि पोहेवाला! नागपूरचे पोहे म्हणजे तर्री आलीच, पण कोरडे पोहे दादाच्या घशाला चिकटतात आणि तर्रीतले चणे गिळताना अडकतात. ताईनं पोहेवाल्याला दाखवलं, चणे बाजूला, तर्री घालून पोहे दाबून पार मऊ करायचे, शेव नाही, वरून सांबार बारीक. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुन्हा पुणेकरांसाठी.) आता दादाची खुर्ची वळणावर दिसली की तो प्लेट वेगळी काढतो आणि दादाला विचारतो, ‘भाऊ, आज झणझणीत का कमी?’ दादा दरवेळी वर पाहतो, झणझणीतसाठी. मग नाक गळतं, डोळ्यांतून पाणी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की काय सांगू. घरी आई त्याला आजारी माणसाचं जेवण देत आली इतकी वर्षं, त्याला तिखट आवडतं हे कोणाला माहीतच नव्हतं!

पैसे तो देतो. गळ्यात एक छोटी पाऊच, तिच्या चेनला ताईनं किल्लीची रिंग अडकवली आहे म्हणजे दादाचं बोट त्यात अडकतं. इथेही तेच, आधी ताई नोट काढून त्याच्या हातात द्यायची आणि तो फक्त पुढे करायचा. मग नोट तो काढू लागला. आता चेनही तो ओढतो. मी एकदा लांबून पाहिलं, पाचेक मिनिटं लागली असतील. मागे ऑफिसला जाणारी गर्दी, एक जण बोललाच, ‘अहो मॅडम तुम्ही द्या ना काढून.’ ताई हलली नाही. पोहेवाला म्हणाला, ‘थांब न बे, माझ्या कस्टमरले पैसे देऊ दे.’ कस्टमर! दादाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी कस्टमर म्हटलं असेल.

असं होता होता गल्लीत पाच-सहा माणसं तयार झाली. ताईच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांचे नंबर आहेत, कोण काय करू शकतं तेही. ई-रिक्षावाला म्हणजे ताईचा नवरा, शेजारचा इंजिनिअरिंगचा पोट्टा जो उचलायला येतो (ब्रेक लावून, खुर्ची पलंगाला तिरपी लावून, दादाच्या चांगल्या बाजूनं, हे त्याला शिकवलं आहे), मेडिकलवाला, कोपऱ्यावरची शिलाईवाली काकू. मागच्या उन्हाळ्यात ताई दहा दिवस पोरीच्या लग्नासाठी गावी गेली तेव्हा मी रजा टाकायच्या तयारीत होती. तिनं वही टेबलवर ठेवली. पहिल्या पानावर दादाचं सकाळपासूनचं, दुसऱ्यावर जेवण, तिसऱ्यावर फिट, चौथ्यावर मोठ्या अक्षरात ‘घाई करू नये’. दहा दिवस निभावले. पंचेचाळीस डिग्रीत शिलाईवाली काकू संध्याकाळी कुलरसमोर दादासोबत सिरियल पाहत बसायची.

मारबतीचंही सांगते. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीनं नेऊन जाळतात तो मोठा पुतळा. दादानं मारबत कायम गच्चीवरून पाहिली. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि महालात वाढलेल्या माणसाला ती गच्चीवरून पाहावी लागणं म्हणजे काय हे नागपूरकरालाच कळेल. लहानपणी एकदा आमची एक दूरची आत्या ‘ईडा पीडा रोगराई घेऊन जाय गे मारबत’ ओरडता ओरडता दादाच्या डोक्यावरून हात ओवाळून गेली. तिच्या मनात चांगलंच असेल. पण मी सात-आठ वर्षांची होती आणि मला ते अजून विसरता आलं नाही. गेल्या वर्षी ताईनं त्याला गल्लीच्या तोंडाशी, दुकानाच्या पायरीआड, गर्दीच्या धक्क्यापासून बाजूला असं उभं केलं. म्हणजे खुर्ची उभी केली. दादा माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. काय ओरडला ते शब्दात नव्हतं, पण तालात होतं.

आता थोडं रुक्ष, पण कामाचं. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांत बँकेच्या काउंटरवर कळतं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात कलेक्टरांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि निरामय नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. आम्ही दादाचे कागद तो चाळिशीत असताना केले, तुम्ही एवढा उशीर करू नका. घरात सरकारी पेन्शन असेल तर दिव्यांग मुलाचं नाव आईवडील हयात असतानाच पेन्शनच्या कागदावर चढवा, नंतर फार फिरावं लागतं. आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. त्यासाठी एका सरकारी दवाखान्यात आम्ही दादाला तीनदा नेलं, तिसऱ्यांदा लिफ्ट बंद आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. दादा खाली, डॉक्टर वर, मी जिन्यात. ताईनं वर जाऊन काय सांगितलं माहीत नाही, डॉक्टर खाली आले.

ताईच्या पगाराबद्दल मात्र मला लाज वाटते, म्हणून लिहून टाकते. रोजच्या चार तासांचे आम्ही महिन्याला आठ हजार देतो. भरपगारी सुटी महिन्यातून चार दिवस, हे मागच्या वर्षीपासून, तेही तिनं मागितलं नाही, माझ्या मुलीनं विचारलं म्हणून सुचलं. पीएफ नाही, विमा नाही, तिच्या कमरेला पट्टा आहे. तिच्या कामाला सरकारी नावच नाही. आशाताई म्हटलं की गल्लीतलं शेंबडं पोरगंही ओळखतं, २००५ पासून त्या घरोघरी फिरून राहिल्या, त्यांचेही पैसे कमीच पण निदान नाव आहे, रजिस्टर आहे, मोर्चा काढता येतो. वस्तीतल्या दिव्यांग मोठ्या माणसांसाठी अशी एखादी ताई का नाही? २०१६ च्या कायद्यात, कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी केअरगिव्हर भत्ता असा शब्द आहे. राज्यानं संजय गांधी निराधार योजनेतले दिव्यांगांचे महिन्याचे पैसे २०२५ मध्ये दीड हजाराचे अडीच हजार केले, चांगलं केलं, पण अडीच हजारात माणूस जेवेल का ताई ठेवेल? आम्हाला परवडतं कारण बाबांची पेन्शन आईला आहे. ताईच्याच वस्तीत तिशीचा एक मुलगा आहे, दादासारखाच, त्याची आई धुणी-भांडी करायला जाते तेव्हा बाहेरून कडी लावून जाते. ताई आमच्याकडून निघाली की अर्धा तास त्याच्याकडे जाते, फुकट. हे मला वर्षभरानं कळलं, तेही तिच्या नवऱ्याकडून.

आई अजून दिवा लावते. ते वाक्य म्हणते की नाही ते मी विचारलं नाही. एवढं खरं की परवा ती ताईला विचारून राहिली होती की तुळशीजवळचा सपाट भाग अजून फूटभर वाढवता येईल का, पुढेमागे तिला वॉकर लागला तर दोघांना एकदम वळता आलं पाहिजे.

हां तर, रविवार. मला ‘जा’ म्हणून ते दोघं गेले. मी गाडी काढली, घरी जायला म्हणूनच काढली. पण चौकातून सरळ जायच्या ऐवजी उजवीकडे वळली आणि ठेल्याच्या अलीकडे कडुनिंबाखाली थांबली, हेल्मेट घालूनच. दादा पाऊचची चेन ओढून राहिला होता. एकदा रिंग सुटली. माझा हात आपोआप गाडीच्या स्टँडकडे गेला. दुसऱ्यांदा सुटली. पोहेवाला दुसऱ्याच कोणाशी गप्पा मारत होता, ताई आभाळाकडे पाहत होती. तिसऱ्यांदा बोट अडकलं, चेन उघडली, नोट निघाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईचा. तिकडून हसू आवरत म्हणे, ‘ताई, दादानं तुमची गाडी ओळखली. तो हात पुन्हा तसाच करून राहिले.’